पडद्यावरची बाई आणि खरी बाई

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला हिंदी सिनेमातल्या कोठ्यांवरचा लेख वाचला, पण पटला नाही. गाणी, झुंबरं, कपडे यांचं कौतुक भरपूर आहे, पण तिथली बाई दरवेळी एकतर फसवून आणलेली आणि शेवटी हिरोसाठी जीव देणारी, नाहीतर दुसऱ्याचं घर मोडणारी, यावर एक वाक्यही नाही. पोरांची शाळा, रेशनकार्ड, पोलिसांचा त्रास, दवाखान्यात मिळणारी वागणूक हे पडद्यावर जवळजवळ येतच नाही. मुली फसवून आणल्या जातात हे खरंच आहे आणि ते भयंकर आहे, पण म्हणून सगळ्याच बायका मुक्या आणि लाचार असं कसं दाखवता? आपल्या सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही या बायकांची स्वतःची संघटना १९९६ पासून आहे, कोलकात्यात सोनागाची या वेश्यावस्तीतल्या बायकांनी १९९५ मध्ये स्वतःची सहकारी संस्था काढली, बचत करतात, कर्ज घेतात.

सिनेमाच तर आहे, सोडून द्या असं मला म्हणवत नाही, कारण तेच चित्र डोक्यात घेऊन पोलीस आणि पत्रकार या वस्त्यांमध्ये जातात. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की या बायकांना सन्मानाने वागवा, छाप्याच्या बातमीत त्यांची ओळख उघड होईल असे फोटो देऊ नका. तरी ओढणीत तोंड लपवलेल्या बायकांचे फोटो अजून दिसतात, निदान पेपरांनी तरी ते छापणं थांबवावं.

— एक वाचक, मिरज