कारण : निष्काळजीपणा

प्रिय बंड्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, उत्तर राहून गेलं. माझी तब्येत बरी, बीपीची गोळी चालू.

लिहितोय ते एका कारणानं. जुने अपघात अहवाल तपासून 'समान कारणं' काढायचं काम माझ्याकडे आलंय. पाइपचा जोड, म्हणजे फ्लँज, उघडताना वाफेनं भाजलेला फिटर, दुरुस्तीतला पंप कोणीतरी चालू केला ते प्रकरण, भरून वाहिलेली टाकी. विभाग वेगळे, माणसं वेगळी. कारणाच्या रकान्यात मात्र सगळीकडे 'कामगाराचा निष्काळजीपणा'. तो रकाना झाकला आणि वेळ, परमिट (कामाची लेखी परवानगी), कुलपं एवढंच शेजारी शेजारी मांडलं. बंड्या, बहुतेक घटना शिफ्ट बदलल्यावर लगेचच्या! काम अर्धवट, परमिट उघडं, पुढच्या पाळीला तोंडी निरोप, व्हॉल्व्हला कुलूप नाही.

तू लगेच म्हणशील, त्या वेळी कामंच जास्त असतात. म्हणून सुरळीत पार पडलेल्या कामांची परमिटंही काढली. पाळी बदलताना चालू राहिलेली कामं थोडीच, अपघात मात्र त्यांतच जास्त. आता भांड!

उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवरच्या स्फोटावरून आपण केवढे भांडलो होतो, अण्णाला मध्ये पडावं लागलं. १९८८, १६७ माणसं. पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढलेला, जागी नुसतं झाकण, आणि रात्रपाळीला त्याचा पत्ता नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच सुरू केला. 'चालू करणाऱ्यानं बघायला नको?' हे तुझं. अरे, बघणार कुठं? त्या व्हॉल्व्हचं परमिट पंपाच्या परमिटाबरोबर नव्हतंच. टेक्सास सिटीच्या रिफायनरीत २००५ मध्ये स्फोटात १५ जण गेले, तिथंही रात्रपाळीची नोंद इतकी त्रोटक की टॉवरमध्ये किती भरलंय ते सकाळच्यांना कळेना.

साहेब म्हणतात, 'प्रशिक्षणाचा अभाव' लिहा. ते लिहिलं तर दोन तासांचं लेक्चर होईल आणि तोंडी निरोप तसाच राहील. भाजलेल्या पोराची वेतनवाढ अजून अडकलेली आहे, ते मला सहन होत नाही. मी 'पाळीबदलाची पद्धत' असंच लिहिणार आणि त्याचं नाव त्या रकान्यातून काढायला लावणार.

वहिनींचा गुडघा कसा आहे? चिंगीच्या निकालाचं कळव. आणि तुमच्याकडे दोन्ही पाळ्यांचे लोक जागेवर जाऊन एकत्र सही करतात ना, तो फॉर्म गुरुवारच्या आत पाठव. बैठक शुक्रवारी आहे.

तुझा,
भाऊ