गॅलरीतल्या गप्पा आणि अनोळखी हात

मार्च २०२० अखेर टाळेबंदी लागली आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीतली आम्ही सत्तरीपुढची मंडळी गॅलऱ्यांतून बोलू लागलो. सकाळी पहिला प्रश्न, "झोप लागली का?" पुढे ऑक्सिमीटर आले तसा दुसरा, "आज ऑक्सिजन किती?" मग कुणाची साखर, कुणाची बीपीची गोळी संपत आलेली. त्या गप्पांनी आम्हाला तगवलं.

पण गोळ्या आणणारे हात तुमचे होते, अनोळखी मदतनीसांनो. दाराच्या कडीला पिशवी अडकवून, बेल वाजवून चार पावलं मागे सरकणारा मुलगा. मास्कवरचे डोळे तेवढे ओळखीचे. ह्यांचा आकडा ९१ वर आला त्या रात्री, रुग्णालयात खाट मिळेपर्यंत, "काकू, त्यांना पालथं झोपवा" असं सांगत पहाटेपर्यंत फोनवर थांबलेली ताई. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत पावसातून दारोदार ताप मोजत फिरलेल्या बायका. १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांची लस सुरू झाली, तेव्हा मोबाइलवर नोंदणी करून केंद्रावर मला खुर्ची आणून देणारी कॉलेजची पोरगी.

नावं विचारायची राहूनच गेली, बाळांनो. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. हे आता रोज संध्याकाळी कट्ट्यावर जातात. कधी इकडून गेलात तर वर या, चहा टाकते.