पंचविशीच्या आत जाहिरात निघेल का?

महोदय,

दहावीचा निकाल लागला की आमच्या कोर्टवर पालक येतात आणि हमखास विचारतात, “मॅडम, बास्केटबॉलमध्ये करिअर आहे का?” मी नऊ वर्षे एका सरकारी खात्याकडून खेळले, आता डेक्कन भागात संध्याकाळी मुलींना शिकवते. उत्तर देताना दरवेळी जीव जड होतो.

मुलांच्या डोळ्यांपुढे एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग असते. तिथल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, जगभरातून जास्तीत जास्त 60 जणांची निवड होते. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये 52 वा निवडला गेला. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. एनबीएचा सामना मात्र त्याच्या वाट्याला एकही आला नाही. आपल्याकडे त्याच वर्षी यूबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल लीग सुरू झाली, त्यात ‘पुणे पेशवाज’ नावाचा संघही होता. ती काही टिकली नाही. नव्या लीग येताहेत, पण त्यांच्या भरवशावर घर चालवा, असे मी कुठल्याही आईला सांगणार नाही.

मग उरते खेळाडूंसाठीची सरकारी नोकरभरती. रेल्वे, ओएनजीसी, इन्कम टॅक्स, सेनादले यांच्या संघांवरच हा खेळ उभा आहे. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती रेल्वेकडूनच खेळते. खात्यात लागले की पगार, सराव, स्पर्धेला रजा आणि खेळ संपल्यावरही खुर्ची. मलाही हेच मिळाले. गुडघ्याचे लिगामेंट गेले तेव्हा नोकरी होती, म्हणून निभावले.

पण दार फार थोडा वेळ उघडे असते. रेल्वेच्या खेळाडू भरतीत वयाची अट 18 ते 25, त्यात सवलत नाही. आमच्या संघातली एक गार्ड, म्हणजे खेळ रचणारी खेळाडू, काय पास द्यायची! मान न वळवता चेंडू नेमका हातात. एका खात्याची जाहिरात दोन वर्षे निघालीच नाही. निघाली तेव्हा ती 25 वर्षे चार महिन्यांची होती. आठवड्याभराने तिने आपले बूट वर्तमानपत्रात गुंडाळून मला आणून दिले. म्हणाली, “सात नंबर आहे, कुणाला तरी होतील.” त्यानंतर ती कोर्टवर फिरकली नाही.

माझी विनंती एवढीच आहे. प्रत्येक खात्याने खेळाडू भरतीचा महिना ठरवून टाकावा, बास्केटबॉलच्या किती जागा हे आधी सांगावे, आणि जाहिरात लांबली तर वय ठरलेल्या महिन्यातले धरावे. याला पैसा लागत नाही. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण मिळतात ते चांगलेच, पण ते कॉलेजच्या दारापर्यंत नेतात. खरा प्रश्न त्यानंतरच्या सात-आठ वर्षांचा आहे.

ते बूट सध्या माझ्याकडची एक मुलगी घालते. पावसात कोर्टवर पाणी साचले की ती सगळ्यांच्या आधी येऊन खराटा हातात घेते. येत्या डिसेंबरात तिला 24 पूर्ण होतील.

— एक माजी खेळाडू, पुणे