सर, तुम्ही वहीत पेन्सिलीने जे लिहिलंत त्याबद्दल

सर, नमस्कार.

फोन करून थँक्यू म्हणायचं ठरवलं होतं, दोनदा लावला पण आणि दोन्ही वेळा माझाच गळा दाटून आला, म्हणून शेवटी लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण शाळेतल्या संगीताच्या सरांना असं कुणी काही लिहीत नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा असल्यापासून गातो. काळी चारला, म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, टणटणीत गायचा. तेरावं संपता संपता आवाज चिरकायला लागला, वरचा सा लावायला गेला की मधेच तुटायचा नाहीतर एकदम खाली पडायचा. बाहेर जिथे तो चार वर्षं गाणं शिकत होता तिथे एक दिवस सगळ्या मुलांसमोर त्याला सांगितलं गेलं की तुझा आवाज गेला, आता मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव. ओठ हलव! चार वर्षं ज्या मुलाला पुढे बसवून गायला लावलं त्याला. नाव घेत नाही, पण एवढं नक्की म्हणेन की ज्यांना मुलांना गाणं शिकवायचंय त्यांना इतकं तर माहीत पाहिजे ना की या वयात मुलांचं स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली येतो. मुलींचाही उतरतो, फक्त खूप कमी, त्यामुळे चटकन कळत नाही. आपल्याकडे याला कंठ फुटला म्हणतात आणि पाखराला कंठ फुटला असंही म्हणतात. मग "आवाज गेला" हे कुठून काढलं?

तीन महिने घरात गाणं बंद होतं. मी विचारलं की दार लावून घ्यायचा.

शाळेच्या कार्यक्रमाच्या तालमीला तुम्ही त्याला एकट्यालाच गायला बसवलंत तेव्हा मला तुमचा रागच आला होता सर, खरं सांगते. व्हायचं तेच झालं, अंतऱ्यावर आवाज फाटला, मागची मुलं हसली. पुढचं मला त्याने जवळजवळ दोन आठवड्यांनी सांगितलं, रात्री, दिवा बंद केल्यावर. तुम्ही थांबला नाहीत, कुणाला रागावला नाहीत, पेटीच्या भात्यावरचा हात काढून मशीनचा तानपुरा हळूच बंद केलात, मधला म्युझिकचा तुकडा जरा लांबवलात आणि त्यातच पट्टी बदलून काळी एकला आलात आणि मानेने खुणावलंत, घे. आणि त्याने घेतलं. मी म्हटलं अरे पण तबला? तो तर एकाच सुरात लावलेला असतो. तर अंथरुणात उठून बसला, "आई, तबला काळी चारलाच होता, आणि काळी एकचा पंचम, प, म्हणजे काळी चारच! बेसूर होणारच नव्हता, सरांना माहीत होतं!" तीन महिन्यांनी त्याच्या तोंडून सूर, पट्टी, पंचम हे शब्द ऐकत होते मी, अंधारात, आणि रडत होते.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते नंतरचं. तालीम संपल्यावर तुम्ही त्याला जवळ घेऊन समजावलं नाहीत, काही होत नाही रे बाळा वगैरे काही नाही. त्याची वही मागितलीत, गाण्याच्या वर "काळी ४" लिहिलं होतं त्यावर पेन्सिलीने एक रेघ मारलीत, शेजारी "काळी १" लिहिलंत आणि वही परत दिलीत. बस. पाय वाढला की चपलेचा नंबर बदलतो तसं. ती वही मी किती वेळा उघडून बघितली असेल सर. कितीतरी लोकांनी त्याला धीर दिला होता, मी तर रोज देत होते, पण प्रत्येक धीर देण्यात काहीतरी बिघडलंय हे गृहीत असतं आणि ते त्याला बरोबर ऐकू येत होतं. तुमच्या रेघेत ते नव्हतं.

आता तो तुमच्याबद्दल घरी सारखा बोलतो म्हणून कळतं. रात्री कुठेतरी साथीला बसून दीड वाजता घरी पोचणार आणि सकाळी पहिल्या तासाला हजर. संगीताला वेगळी खोली नाही म्हणून पेटी स्वतः उचलून वर्गावर्गात न्यायची, पन्नास मुलं, पस्तीस मिनिटं, आणि परीक्षा जवळ आली की तोच तास गणिताला द्यायचा. इतकी वर्षं मोठमोठ्या गवयांचा दम कुठे संपेल, ते कुठे अडतील हे बघत पेटी वाजवलीत आणि तेच सगळं एका तेरा वर्षांच्या पोरासाठी वापरलंत, तेही मागच्या बाकांवर हसू चालू असताना. तुम्ही त्या दिवशी त्याला साथ केलीत सर. चांगली माणसं अशीच असतात बहुतेक, कुणाला कळायच्या आत सांभाळून घेतात आणि पुढचं गाणं सुरू करतात. अशी माणसं शाळेत असतात म्हणून आम्ही आमची मुलं निर्धास्त पाठवतो.

कार्यक्रम कसा झाला ते तुम्ही बघितलंच आहे, त्यावर मी काय लिहू.

आता पहाटे उठून खर्जात, अगदी खालच्या सुरात, सा लावत बसतो, वर ताणायचं नाही असं तुम्ही सांगितलंय म्हणून ताणत नाही. आणि परवा बघितलं तर वहीत "काळी १" वर अजून एक रेघ आहे, त्याच्या हातची, आणि शेजारी "पांढरी १". पेन्सिलीनेच. तबला अर्धा सूर उतरवावा लागेल म्हणतोय, सोमवारी तुम्हाला विचारणार आहे.

तुमची,
त्याची आई