कुत्री थांबली की

कोथरूड, पुणे
९ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

‘कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माणूस शिकारीला गेला?’ असं म्हणून तू फोनवर जो हसत सुटलास, तो माझं पुढचं ऐकेचनास. म्हणून हे पत्र. शिकार मी केली नाही, हे आधीच सांगतो. बंदूक मेहुण्याच्या हातात आणि माझ्या खांद्याला कुत्रीच्या पाण्याची बाटली. अमेरिकेत, साउथ डकोटात, तीन दिवस तेवढीच माझी मर्दुमकी.

तिकडे फेझंटचा, म्हणजे कोंबडीच्या कुळातल्या एका लांब शेपटीच्या रानपक्ष्याचा, हंगाम ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. पक्षी मूळचा चीनकडचा, पण १९१९ पासून तिथे त्याची रीतसर शिकार होते आणि आता तर तो त्यांचा राज्यपक्षी आहे. माणशी दिवसाला ३, तेही फक्त नर. सकाळी १० च्या आधी बार काढायचा नाही, त्यामुळे आम्ही चक्क पोहे खाऊन निघालो. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, ही शिकार की बँकेची नोकरी?

मेहुण्याची कुत्री राणी जर्मन पॉइंटर, म्हणजे दबून बसलेला पक्षी जागच्या जागी थांबून दाखवणारी जात. वाऱ्याकडे नाक करून कमरेएवढ्या गवतात नागमोडी धावते. वास लागला की आधी शेपटीची लय बदलते. मग एकदम दगड! एक पाय उचललेला तो तसाच. मी आपला तिच्या नाकासमोरचं गवत निरखत बसलो. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, चालताना तिच्याकडे बघा, ती थांबली की मात्र नाही. नजर गवताच्या वर ठेवा. खाली बघत राहिलात तर पक्षी उठून गेल्यावर कळेल.’ तो स्वतः तिच्या मागून न जाता बाजूने पुढे जायचा. नळी वर, बोट चापाबाहेर, सेफ्टी, म्हणजे चुकून बार उडू नये म्हणूनचा खटका, लावलेली. आणि पावलं अशी छोटी, की कधीही डावा पाय पुढे टाकून उभं राहता यावं. एवढं करूनही नर उठतो तेव्हा छातीत धडकी भरतेच. पंखांचा फडफडाट, वर तो कर्कश आरडाओरडा, जुनी एसटी सुरू व्हावी तसा. पहिल्याच वेळी माझ्या हातून बाटली पडली.

आणि पक्षी लबाड रे. आपण तारेचं कुंपण ओलांडायला बंदूक रिकामी केली, बुटाची नाडी बांधायला वाकलो, की नेमका तेव्हाच उठणार. चालत राहिलं तर दबून बसतो, थांबलं की त्याचा धीर सुटतो, असं मेहुण्याचं म्हणणं. त्यामुळे तो थांबायचा तेही तयारीने थांबायचा.

पण मला लक्षात राहिलाय तो न उडालेला बार. दुसऱ्या दिवशी दुपारी नर उठला, झकास जवळून, पण गवताला घासत खालून गेला आणि राणी त्याच्यामागे उसळली. बंदूक खांद्याला लागली होती, सेफ्टी निघाली होती. मेहुण्याने नळी आकाशाकडे केली. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं नाही तर गोळी नाही, बस्स. मग बराच वेळ तो राणीचे कान कुरवाळत बसला, माझ्याशी बोलला नाही.

परत आल्यावर मला वाटलं, आता आपण तयार गडी. गेल्या रविवारी सासवडकडच्या माळावर कॅमेरा घेऊन गेलो. आपल्याकडे बंदुकीचं नाव काढायचं नाही, ते बरंच आहे. तासभर नजर गवताच्या वर ठेवून चाललो, अगदी शहाण्यासारखा. मग चहाचा थर्मास उघडला आणि पायाजवळून लाव्यांचा थवा लवंगी फटाक्यांच्या माळेसारखा फुटला. कॅमेऱ्यात तीन फोटो आलेत: दोन ढेकळांचे आणि एक माझ्या बुटाचा.

डिसेंबरात ये, परत जाऊ. मोत्याला मात्र घरीच ठेव. तो माळावर मोकळा सुटला तर पक्षी राहायचे नाहीत. थर्मास तू धरायचास.

तुझा,
सुऱ्या