वने, तात्यांना बाहेरचं लागलं नव्हतं

प्रिय वने,

तब्येती ठीक. आईचे टोंगळे दुखतात, ते आपण शाळेत असतानाही दुखायचेच. पऱ्हाटी बरी आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मधेच ‘ठेवते आता’ म्हणाली असतीस, म्हणून लिहिते आहे.

गजूनं दारू सोडली. पोरीची शपथ घेतली आणि एकदम बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी हात असे थरथरत होते की चहाची बशी तोंडापर्यंत जाईना. घाम, ओकाऱ्या, डोळ्याला डोळा नाही. आई खूश, ‘निघून राहिलं अंगातलं, निघू दे.’ रात्री त्याला मिरगीसारखा झटका आला. त्यानंतर तो भिंतीवरच्या मुंग्या झाडायला लागला. भिंतीवर एक मुंगी नव्हती. कोठ्यातून कोणी हाक मारते म्हणे. बायकोला, सगुणाला ओळखेना. शेजारच्या काकू लिंबू घेऊन हजर, ‘बाहेरचं लागलं बाई, भगताले बलाव.’

वने, मला तुझे तात्याच दिसले. तसेच हात, तशाच मुंग्या.

भगताला मी दारातूनच परत पाठवलं आणि ऑटोत टाकून गजूला सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, दारू घेतो का, शेवटची कधी घेतली? आई म्हणते, ‘नाही बाप्पा, आमच्या घरी कोणी नाही घेत.’ आपल्या वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी, म्हणजे पोलिसांची भीती वेगळी आणि लाज वेगळी. नाल्यापलीकडे मोहाची भट्टी साऱ्या गावाला माहीत, पण डॉक्टरसमोर कोणी तोंड उघडत नाही. मी सगळं सांगितलं. रोज घेतो, उठल्याबरोबर घेतो, परवा सांजेपासून बंद आहे. मग पुढचं भराभर झालं.

त्यांनी मला नीट समजावलं, तेच तुला सांगायचं आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाविरुद्ध जोर लावून चालायला शिकतो. भरली बंडी चढावर ओढणाऱ्या बैलाचं जोत मधेच तुटलं तर तो कसा तोंडावर आदळतो, तसं दारू एकदम बंद झाल्यावर होतं. काही तासांत थरथर, पहिल्या दोन दिवसांत झटके, आणि काहींना साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो. नसलेलं दिसतं, ऐकू येतं, ताप चढतो, छाती धडधडते. उपचार नसले तर माणूस यात मरतोसुद्धा. लोराझेपाम, डायझेपामसारखी औषधं देऊन हळूहळू उतरवावं लागतं. बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनआधी द्यायचं, हेही तिथंच कळलं.

मी डॉक्टरांना तात्यांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी खात्रीनं कोणी सांगू शकत नाही, पण लक्षणं हीच.

तू बाटली मोरीत ओतलीस, काकांनी तात्यांना कोठीत कोंडून बाहेरून कडी लावली, आणि तू नववीतली पोर रात्रभर दाराशी बसून ‘तात्या, सोडा ना आता’ म्हणत होतीस. गावातला डॉक्टर येऊन गेला, शेवटची कधी घेतली हे त्यानं विचारलं नाही. तू कधी बोलली नाहीस, पण मला माहीत आहे तू काय घेऊन जगतेस. वने, ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं विचारलं नाही. तू तर बापाला वाचवायला निघाली होतीस.

आणि आता भांडण. तू नेहमी म्हणतेस, मनावर घेतलं की सुटते. गजूनं मनावर घेतलंच होतं बाई! मन पाहिजे, पण सोबत औषध पाहिजे, आणि उतरल्यावर खरं काम सुरू होतं. त्याला झोप येत नव्हती म्हणून तो प्यायला लागला, झोप गेली ती कर्जानं आणि उदासीनं. ही उदासी वेगळा आजार आहे, तिचा वेगळा उपचार चालू झाला. त्याच्या लग्नात तू सगुणाच्या बापाला जे ऐकवलंस, त्यावरून आई अजून तुझं नाव घेत नाही. सगुणा घेते, प्रेमानं.

आईचं दुसरंच. बसस्टँडवरच्या जाहिरातीतून तिनं पावडर आणली होती, ‘न सांगता डाळीत घाला, दारू सुटते.’ पुडीवर धड नाव नाही. असल्या पुडीत डायसल्फिरॅम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, कुटून घातलेली असली आणि माणूस त्याला न कळता वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळतो, जीव जाऊ शकतो. ती गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायची असते. मी पुडी चुलीत टाकली. आई दोन वेळा जेवली नाही, तिसऱ्या वेळी मिरचीचा ठेचा पाहून विरघळली.

मला धास्ती पुढची आहे. पोळा येतो आहे, त्याचे सोबती येतील, ‘एक घोट घे ना बे’ म्हणतील. रात्री त्याला घाबरं झालं की सगुणा 14416 लावते, टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. परवा तो स्वतः बोलला, बराच वेळ. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.

पिंकीची बारावी कशी गेली? तुझी पाठ? जावई नवीन नोकरीत रमले का? लिहीत जा.

शांतामावशी अजून दर आखाडीला त्या भगताकडे नारळ देते, तात्यांची सुटका व्हावी म्हणून. मी रोज तिच्या घरासमोरून जाते. तिला हे सांगायचं का, आणि कोणी सांगायचं? तू सांगणार असशील तर पोळ्याला ये. मी सांगावं असं वाटत असेल तर तसं कळव, मी तिच्याजवळ बसून नीट सांगेन. तुझ्या उत्तरापर्यंत मी गप्प आहे.

तुझी,
शोभा