वेळेवर अडवलंत, म्हणून आभार

मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पाणी गाळणाऱ्या आमच्या मेम्ब्रेनच्या (पातळ पडद्याच्या) पेटंटवर तीन नावं आहेत. शोधनिबंधावर पाच. निबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळींत अनुदानाचा क्रमांक आहे, सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं नाव आहे. तुमचं नाव यातल्या एकाही कागदावर नाही. पेटंटवर ते घालू या असं मी म्हटलं, तेव्हा तुम्हीच नको म्हणालात. कल्पनेत ज्याची भर तोच शोधक, बाकी कितीही मदत केली तरी तो शोधक होत नाही, आणि भलतं नाव घातलं तर उद्या पेटंटच अडचणीत येऊ शकतं, हे तुम्ही मला समजावलंत. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण विद्यापीठातल्या शोधांची पेटंटं आणि परवाने सांभाळणाऱ्या तुमच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षात बसलेला माणूस दिवसभर काय करतो, हे सगळी हयात प्रयोगशाळेत गेलेल्या मलाही पाच वर्षांपूर्वी ठाऊक नव्हतं.

मी पहिल्यांदा तुमच्या खोलीत आले ती एका सहीसाठी. परिषद चार दिवसांवर होती, पोस्टर छापून तयार होतं, आणि कुठल्याशा फॉर्मवर तुमच्या कक्षाची सही लागत होती. तुम्ही पोस्टर उलगडून पाहिलंत आणि विचारलंत, "हे अजून कुठे सांगितलंय का? सारांश संकेतस्थळावर चढलाय का?" मला प्रश्नाचा रोखच कळला नाही. आपला शोध जगाला सांगायचा, यासाठीच तर आम्ही पगार घेतो. मग तुम्ही खुर्ची पुढे सरकवलीत आणि नावीन्याची अट सांगितलीत: पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधी शोध कुठल्याही रूपात जाहीर झाला, तर युरोपात तो नवा धरलाच जात नाही. पोस्टर, प्रबंधाची खुली तोंडी परीक्षा, आगाऊ छापलेला सारांश, सगळं त्यात आलं. अमेरिकेत जाहीर झाल्यावरही अर्ज करायला वर्षभराची सवलत असते, पण तिच्या भरवशावर राहिलं तर बाकीचे बरेच देश हातचे जातात.

त्या दिवशी तुम्ही कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांची हकीकत सांगितलीत. ती मी नंतर वाचून काढली. डीएनए कापून जोडण्याच्या पद्धतीवरचा त्यांचा निबंध नोव्हेंबर १९७३मध्ये छापून आला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात तुमच्यासारखंच काम करणारे नील्स रायमर्स यांनी पुढच्या वर्षी वर्तमानपत्रात त्याबद्दल वाचलं आणि कोहेन यांना गाठलं. कोहेन आधी तयार नव्हते. अखेर नोव्हेंबर १९७४मध्ये, वर्षाची मुदत संपायला आठवडा राहिला असताना, अर्ज गेला. निबंध आधीच छापलेला असल्यामुळे अमेरिकेबाहेर पेटंट मिळालंच नाही. तरीही ती पद्धत वापरू देण्याच्या परवान्यांतून पेटंटची मुदत संपेपर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर आले. वाचताना मला त्या रकमेपेक्षा तो एक आठवडा जास्त महत्त्वाचा वाटला. कोणीतरी वर्तमानपत्र वाचून फोन उचलला म्हणून तो आठवडा हाताला लागला. आमच्या बाबतीत चार दिवस होते, आणि तुम्ही त्या चार दिवसांत पेटंटचा तात्पुरता अर्ज लिहून घेतलात. रात्री साडेदहाला तुमचा शेवटचा प्रश्न आला होता: मेम्ब्रेनवरच्या थराची जाडी कमीत कमी किती असली तरी चालेल? मी 'सुमारे' लिहिलं होतं. तुम्ही आकडा मागितलात. पुढे पेटंट कार्यालयाच्या परीक्षकाने नेमका तोच मुद्दा काढला आणि त्या आकड्यावरच आम्ही टिकलो.

पैशांच्या बाबतीतही तुम्ही मला आधी अडवलंत. माझ्या डोक्यात एका मोठ्या अनुदानाचा प्रस्ताव होता, चाळीस पानांचा. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात (माझ्या सहकाऱ्यांपैकी कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही) आणि म्हणालात, हा आत्ता पाठवू नका. नासामध्ये तयार झालेली १ ते ९ ही तंत्रज्ञानाच्या तयारीची मोजपट्टी तुम्ही समोर ठेवलीत. आमचं काम तिसऱ्या पायरीवर होतं: तळहाताएवढा तुकडा, काचेच्या भांड्यात, शुद्ध रसायनांनी बनवलेल्या पाण्यात. ज्या योजनेत मी अर्ज करणार होते तिला सहाव्या पायरीवरचं, खऱ्या पाण्यावर चाललेलं काहीतरी हवं होतं. मूलभूत संशोधनाला पैसे देणाऱ्यांच्या दृष्टीने आम्ही पुढे गेलो होतो, गुंतवणूकदारांच्या दृष्टीने अजून फार मागे होतो. या मधल्या पट्ट्याला तुमच्या क्षेत्रात 'व्हॅली ऑफ डेथ' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. किती चांगली कामं तिथे नुसती पडून राहिली असतील, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

तुम्ही दाखवलेला मार्ग छोटा होता: विद्यापीठाचा स्वतःचा संकल्पना-सिद्धता निधी, म्हणजे कल्पना प्रत्यक्षात चालते का ते तपासायचा पैसा. रक्कम मोठ्या अनुदानाच्या मानाने किरकोळ, पण ती एकाच प्रश्नासाठी होती. एमआयटीत गुरुराज आणि जयश्री देशपांडे यांच्या देणगीतून २००२ साली उभं राहिलेलं केंद्र अशाच टप्प्यावरच्या कामांना हात देतं, हेही तुमच्याकडूनच ऐकलं. आमचा प्रश्न तुम्हीच नेमका करून दिलात. दोन्ही विद्युतभार असलेल्या रेणूंचा आमचा थर पाण्याला घट्ट धरून ठेवतो, म्हणून त्यावर प्रथिनं आणि जिवाणू चिकटत नाहीत, हे आम्ही दाखवलं होतं. पण तो थर मीटरभर रुंदीच्या मेम्ब्रेनवर सारखा बसतो का? सांडपाण्यात महिनोनमहिने टिकतो का? मला रेणूच्या रचनेवर आणखी काम करायचं होतं. तुम्ही म्हणालात, रचना सुंदर आहेच, आता ती फाडून बघा. सात महिने आम्ही तेच केलं. पहिले चार महिने थर कडांना सुटत राहिला. त्या चार महिन्यांत तुम्ही एकदाही अहवाल मागितला नाहीत, फक्त दर महिन्याला एकदा येऊन सुटलेले तुकडे पाहून जायचात.

ओव्हरहेडबद्दल मी तुमच्याशी भांडले होते, तेही इथेच मान्य करते. अनुदानातला वाटा विद्यापीठ कापून घेतं, हे मला अन्यायाचं वाटायचं. तुम्ही मला हिशोब दाखवलात: धूर खेचणाऱ्या कपाटांची वीज, रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट, सुरक्षा तपासणी, लेखापरीक्षण, आणि ज्या सूक्ष्मदर्शकावर मी तासाच्या दराने काम करत होते त्याची देखभाल. मला तो वाटा अजूनही जास्त वाटतो. पण तो कुठे जातो हे आता मला माहीत आहे.

सर्वांत जास्त आभार मात्र एका वेगळ्याच प्रसंगासाठी मानायचे आहेत. निकाल चांगले येऊ लागले तसं कंपनी काढायचं वारं माझ्या अंगात शिरलं. मी नोकरी सोडून पूर्णवेळ त्यात उतरणार होते. त्याच सुमारास एका भावी ग्राहकाला नमुने हवे होते, आणि ते बनवायला मी माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला बसवलं. त्यानेही आनंदाने होकार दिला. विद्यार्थी नकार देत नाहीत, हे मी विसरले होते. तुम्ही प्रयोगशाळेत आलात, त्याची नोंदवही चाळलीत आणि मला बाहेर बोलावून विचारलंत, "ही गेल्या सहा आठवड्यांची पानं त्याच्या प्रबंधाची आहेत की तुमच्या कंपनीची?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच्या प्रबंधाचं एक प्रकरण थांबलं होतं, आणि गोपनीयतेच्या अटीमुळे ते पुढे छापता येईल की नाही तेही अधांतरी होतं. मार्गदर्शक आणि मालक या दोन्ही भूमिका मी एकाच वेळी करत होते, आणि मधे सापडला होता तो मुलगा.

हितसंबंधांचा संघर्ष हा शब्द नियमावलीत मी शंभरदा वाचला होता. त्या दिवशी तो मला दिसला. तुम्ही ओरडला नाहीत, तक्रारही केली नाहीत. एका आठवड्यात लेखी व्यवस्था लावून दिलीत: त्याच्या प्रबंधाच्या समितीवर बाहेरचा एक सदस्य, त्याचं सगळं काम छापण्याची मोकळीक, नमुन्यांसाठी कंपनीच्या पैशातून वेगळा पगारी माणूस. आणि मला सांगितलंत की कंपनी चालवायला कंपनी चालवलेला माणूस शोधा, तुम्ही शास्त्रीय सल्लागार राहा. मला ते लागलं. माझ्या लेकराला दुसऱ्याच्या हाती द्या असं कोणी सांगावं, तसं. आज ती जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत पुरवठादारांशी ज्या वाटाघाटी केल्या, त्यातली एकही मला जमली नसती.

परवान्याच्या करारातलं सगळं इथे लिहीत नाही. पण दोन कलमांसाठी तुम्ही किती ताणून धरलंत ते मला आठवतं. एक, ठरल्या मुदतीत उत्पादनाचे टप्पे गाठले नाहीत तर हक्क विद्यापीठाकडे परत यावेत, म्हणजे शोध कोणाच्या कपाटात कुजणार नाही. दुसरं, आम्हाला आणि इतर विद्यापीठांना संशोधनासाठी तो कायम वापरता यावा. त्याबदल्यात तुम्ही सुरुवातीची रक्कम सोडलीत, थोडे शेअर घेतलेत, पेटंटचा खर्च कंपनीला पैसे आल्यावर फेडू दिलात. नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरमधली जागा, सामायिक उपकरणं, हिशोब तपासून देणारे मार्गदर्शक हे सगळं मिळालं आणि उपयोगी पडलं, पण कंपनी जगली ती या करारामुळे, असं माझं मत आहे.

आणि तिसावा महिना. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांत आंतरराष्ट्रीय अर्ज, तिसाव्या महिन्यापर्यंत एकेका देशात प्रवेश, आणि खरा खर्च तिथे सुरू होतो. तेव्हा अजून परवाना झालेला नव्हता. समितीत आमची फाईल बंद करायचा ठराव आला होता, हे मला कितीतरी उशिरा दुसऱ्या कोणाकडून समजलं. तुम्ही देशांची यादी कापून मोजक्या देशांवर आणलीत आणि तेवढ्यासाठी समितीसमोर उभ्या राहिलात. अशा कक्षांची स्थिती मला आता माहीत आहे. एखादंच पेटंट भरभरून देतं, बहुतेक फायलींतून काहीच येत नाही, आणि पुष्कळ विद्यापीठांत परवान्यांच्या उत्पन्नातून कक्षाचा खर्चही निघत नाही. लोक स्टॅनफर्डची उदाहरणं देतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाचंही देतात, जिथे स्टीनबॉक यांच्या ड जीवनसत्त्वावरच्या शोधाच्या उत्पन्नातून पुढच्या संशोधनाला पैसा मिळावा म्हणून १९२५ साली प्रतिष्ठान उभं राहिलं (वॉरफरिन या औषधाच्या नावाचा पहिला भाग त्याच प्रतिष्ठानाच्या आद्याक्षरांचा आहे). पण त्या यशाच्या आशेवर तुमच्या खोलीतला कोणी बसलेला मी पाहिला नाही. सरकारी पैशातून लागलेल्या शोधांचे हक्क विद्यापीठांना ठेवू देणाऱ्या १९८०च्या बे-डोल कायद्यापूर्वी अमेरिकी सरकारच्या ताब्यात सुमारे २८ हजार पेटंट होती आणि त्यातल्या पाच टक्क्यांहूनही कमी पेटंटचे परवाने दिले गेले होते. तुम्ही हा आकडा सांगितलात तेव्हा तुमच्या आवाजात जी कळकळ होती ती मला अजून ऐकू येते. उत्पन्न किती बुडालं हे तुम्ही बोललाच नाहीत. इतक्या लोकांचं काम कोणाच्याच उपयोगी पडलं नाही, एवढंच म्हणालात.

गेल्या महिन्यात कंपनीच्या यंत्रावर मेम्ब्रेनचा पहिला पूर्ण रुंदीचा गुंडाळा तयार झाला. मी कडा तपासली. थर शेवटपर्यंत बसलेला होता. एक हातभर तुकडा कापून आणला आहे, तो तुमच्यासाठी आहे.

आणि एक विनंती. तो विद्यार्थी, ज्याची नोंदवही तुम्ही चाळली होतीत, आता स्वतः संशोधन करतो. परवा तो एक पोस्टर घेऊन आला, परिषद दहा दिवसांवर आहे म्हणाला. मी पोस्टर गुंडाळून त्याच्या हातात परत दिलं आणि तुमची वेळ घ्यायला सांगितलं. सोमवारी सकाळी येईल. नोंदवही सोबत न्यायला बजावलं आहे.

तुमची कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरच्या मेम्ब्रेन प्रयोगशाळेतली